मयेकर बाईंचं गाऱ्हाणं

आमच्या शाळेच्या स्टाफ ग्रुपवर कुणी काहीही टाकलं, की त्याच्याखाली मयेकर बाईंचे दोन शब्द हजर होतात : ‘व्हय म्हाराजा.’

रोज अनशापोटी कढीपत्ता चावून खाल्ला तर चष्मा सुटतो. व्हय म्हाराजा. आज रात्री आकाशातून कसलेसे किरण येणार आहेत, मोबाईल उशाशी ठेवू नका. व्हय म्हाराजा. हा फोटो अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत गोड बातमी कळेल. हा तर खुद्द हेडसरांनी पाठवला होता. त्यांच्या घरी आता कुठली गोड बातमी व्हायची राहिली होती देव जाणे. त्यालाही व्हय म्हाराजा.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, बाई भारी भाविक दिसतात. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्या मिरजोळ्याच्या शाळेत बदलून आल्या तेव्हा कुणाला त्यांची फारशी माहितीही नव्हती. मराठी शिकवतात, मिस्टर वारलेत, स्टँडच्या मागे खोली घेऊन एकट्या राहतात, एवढंच. बारीक चण, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि आवाज असा की मैदानावर माझ्या शिट्टीची गरज पडू नये. मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर. शाळेतला पी.टी.चा मास्तर म्हणजे काय, तर ज्याचा तास कुणीही येऊन मागावा असा माणूस. गणिताचा पोर्शन राहिला, परबांचा तास घ्या. स्नेहसंमेलनाची तालीम आहे, परबांचा तास घ्या. तेव्हा हेडसर एकदा म्हणाले, ‘परब, नववीला आता मोबाईलवरच्या बातम्या कशा पारखायच्या ते शिकवायचंय. मयेकर बाई घेतील. शुक्रवारचा शेवटचा तास तुमचाच आहे ना?’ तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. राग मात्र आला. बाईंनी काय दिवे लावलेत ते बघू तरी, म्हणून मी पहिल्याच शुक्रवारी वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलावर एक नारळ ठेवला, पदर खोचला, पोरांना उभं केलं आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

गाऱ्हाणं तुम्ही ऐकलं असेल. नसेल, तर थोडक्यात सांगतो. आमच्याकडे गावच्या देवळात एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि मागे उभी असलेली मंडळी त्याच्या दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पुढचा काय बोलला ते मागच्याला ऐकू गेलंच पाहिजे असं नाही. त्याचा सूर खाली आला की आपण म्हणायचं. मीसुद्धा लहानपणापासून असाच म्हणत आलोय.

‘बा देवा म्हाराजा! आज ही नववीची लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत, त्यांना चांगली बुद्धी दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ पोरं गरजली. असला तास त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

‘कुणाची वाकडी नजर असंल तर ती दूर कर रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘शाळेच्या कौलांवर म्हस चढून बसलीय, तिला सुखरूप खाली आण रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि दारात उभ्या असलेल्या परब सरांना जुळं होऊ दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

मग एक पोरगी फिस्सकन हसली, तिच्या शेजारची हसली, आणि आपण कशाकशाला हो म्हणून बसलो ते एकेकाच्या डोक्यात शिरायला लागलं. मीही दारातून बाकीच्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो होतो, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. बाईंच्या आलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उडवली आणि पोरांना म्हणाल्या, ‘बसा. याला फॉरवर्ड करणं म्हणतात.’

झालं, त्या दिवसापासून नववीच्या पोरांना बाईंनी तीन प्रश्न लावून दिले. कुणी? कधी? कुठून? ही गोष्ट कुणी सांगितली, कधीची आहे आणि कुठून आली. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत अंगठा हलवायचा नाही. मोबाईलला अंगठा लावायच्या आधी तो मुठीत दाबून धरायचा, अशी त्यांनी पोरांना सवयच लावली. माझ्या कबड्डीच्या मैदानात पोरं मुठी आवळून, डोळे मिटून उभी राहायला लागली, तेव्हा मी एकाला विचारलं, काय रे, पोटात दुखतंय का? तर म्हणे, नाही सर, समोरचा चढाईला येतोय ते खरं का खोटं याचा विचार करतोय. त्याला मी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

शाळेबाहेरही बाईंचं हेच. आंब्याच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या पेटीवाल्यानं ‘खात्रीचा अस्सल हापूस’ अशी पाटी लावली, तर बाई त्याच्यापुढे उभ्या. ‘कुणाची खात्री? कलमं कुठं आहेत तुझी? आंबा कधी उतरवलास?’ तो बिचारा म्हणाला, ‘बाई, घ्यायचा तर घ्या, न्हायतर पुढं चला. माझी दहावी झाल्येय.’

मी बाईंच्या बाजूला वळलो तो वाघाच्या प्रकरणात. झालं असं, की एमआयडीसीच्या एका कंपनीच्या भिंतीवर वाघ बसल्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि तो अधूनमधून खरोखर येतोही, त्यामुळे पाचावर धारण बसायला वेळ लागत नाही. शिपायानं फाटक लावून घेतलं, आयांनी पोरांना न्यायला रिक्षा पाठवल्या, हेडसर ऑफिसात जाऊन आतून कडी घालून बसले. मयेकर बाईंनी नववीच्या वर्गात तो फोटो भिंतीवर मोठा करून लावला आणि म्हणाल्या, ‘वाघाकडे बघू नका. तो तुम्ही बघावा म्हणूनच बसवलाय. बाकीचं बघा.’

पोरं बघत राहिली. भिंत बघून झाली, झाड बघून झालं. आणि एकदम सानिका साळवी नावाची पोरगी बाकावर उभीच राहिली. ‘बाई! माती काळी आहे!’

अहो, खरंच की! आमच्याकडे जिथं खणाल तिथं तांबडी माती, नाहीतर जांभा दगड. पावलं तांबडी, मोजे तांबडे, माझ्या मैदानावर पडलेल्या पोरांचे गुडघे तांबडे. आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी काळीभोर जमीन! ‘हा देशावरचा वाघ आहे!’ सगळा वर्ग ओरडला. मी जाऊन हेडसरांना कडी उघडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आतून विचारलं, ‘नक्की परबच का?’ म्हणजे त्यांनाही थोडंफार शिकवलं गेलं होतं म्हणायचं.

पावसाळ्यात तर मजाच झाली. अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी, असा सरकारी आदेश स्टाफ ग्रुपवर आला. शिक्का होता, सही होती. बाईंनी खाली लिहिलं, व्हय म्हाराजा. आम्हाला वाटलं, चला, बाईसुद्धा खूश आहेत. दुसऱ्या दिवशी मी बांगड्याचं तिखलं चेपून दुपारी पांघरूण घेतलं. शाळेत बाई एकट्या, आणि त्यांच्यापुढे नववीची बहुतेक पोरं. कुणीतरी मागच्या वर्षीच्या आदेशावर नवी तारीख चिकटवली होती, पण वार तसाच ठेवला होता. तारीख शनिवारची आणि कागदावर शुक्रवार! पोरांनी तो रात्रीच पकडला होता आणि तरीही ती शाळेत आली होती, हे कळल्यावर माझा ऊर भरून आला. शिक्षकांचा त्या दिवशीचा पगार कापण्याची भाषा झाली तेव्हा मात्र पुन्हा जाग्यावर आला.

आता पोरं अशी तयार झाल्यावर त्याचा त्रास घरच्यांना होणारच. तो सगळ्यात जास्त झाला सानिकाच्या आजोबांना. अण्णा साळवी म्हणजे मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून गावी परतलेला भारदस्त माणूस, शाळा समितीचे सभासद, आणि मुख्य म्हणजे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. पहाटे उठून दोनअडीचशे लोकांना मेसेज पाठवल्याशिवाय ते चूळ भरत नसत. एक दिवस ते काठी आपटत ऑफिसात आले. मी तिथंच होतो.

‘हेडसर, ही बाई आमच्या देवाची थट्टा करते. बाईमाणूस होऊन गाऱ्हाणं घालते आणि त्यात म्हशी चढवते! आणि माझ्या नातीनं काल चार पाव्हण्यांच्या देखत मला काय विचारलान ठाऊकाय? म्हणे, आजोबा, हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं? मला! मी सांगितला, आत्ता सांगितला, आणि तुझ्या बापाच्या बापान सांगितला!’

हेडसर घाबरले. घाबरणं हा त्यांचा मूळ विषय. पुढच्या शनिवारी पालकसभा ठेवायची, पोरं काय शिकली ते सर्वांसमोर दाखवायचं आणि पालक नको म्हणाले तर तास बंद, असं ठरलं. तास बंद म्हणजे शुक्रवारचा तास परत माझ्याकडे. मला खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण मी स्टाफरूममध्ये गेलो आणि बाईंना म्हणालो, ‘बाई, अण्णांची माफी मागून टाका. गाऱ्हाणं वगळा, तास वाचवा.’

‘माफी मागेन की,’ बाई म्हणाल्या. ‘म्हशीबद्दल मागेन. पण तास जाऊन चालायचं नाही, परब सर. व्याकरण काय, मी नसले तरी कुणीही शिकवील. हा तास गेला तर मला झोप लागायची नाही.’

‘एवढं काय आहे त्यात?’

‘आहे जरा,’ असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडला. डबा उघडला की बाई बोलत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पोरांनी सभेत काय दाखवायचं ते बाईंनी आधी बघायलाही नकार दिला. ‘पढवून आणलेलं पालकांना लगेच कळतं. आपापल्या घरातला एकेक मेसेज घ्या आणि पारखून दाखवा. मीही तुमच्याबरोबरच बघेन,’ म्हणाल्या. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला.

सभेला हॉल भरला. अण्णा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी ठेवून. बाईंनी उठून आधी त्यांची माफी मागितली, देवाची थट्टा मनात नव्हती म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते कळलं नाही. मग पोरं आली. एकानं कढीपत्त्याचा चष्मा फोडला, एकानं किरणांचा निकाल लावला. लोक हसत होते, टाळ्या पडत होत्या. माझा जीव भांड्यात पडत चालला होता, तेवढ्यात सानिका आली.

‘हा मेसेज माझ्या आजोबांनी गेल्याच आठवड्यात सगळ्यांना पाठवला,’ ती म्हणाली आणि भिंतीवर फोटो उमटला.

म्हातारे गृहस्थ होते. फोटो इतक्या मोबाईलमधून फिरून आलेला, की चेहरा निम्मा पुसून गेला होता आणि वरची नावाची ओळ कुठंतरी कापली गेली होती. खाली लिहिलं होतं, ‘हे गृहस्थ गणपतीपुळे येथून हरवले आहेत. त्यांना विसरायला होतं. अंगात आकाशी शर्ट आहे. कुणाला दिसल्यास कृपया या नंबरवर कळवा.’ आणि नंबर.

‘यात तारीख नाही,’ सानिका म्हणाली. ‘म्हणून मी घरोघरी विचारलं. माझ्या मामाकडे हाच मेसेज चार वर्षांपूर्वी आला होता. म्हणजे हा जुना आहे. पुढे पाठवू नये.’

अण्णा ताडकन उठले. ‘आणि अजून सापडला नसला तर तो माणूस? चार वर्सां झाली म्हणून शोधायचा नाय? गो, कुणाचा तरी बाप असंल तो! मी पुण्य म्हणून पाठवलाय. ह्याच शिकवता तुम्ही, बाई? नंबर दिलाय ना खाली? त्यावर फोन केलात काय?’

‘अनोळखी नंबरवर फोन करायला आईनं नको सांगितलं,’ सानिकाचा आवाज बारीक झाला.

‘मग मी करतो. हितंच करतो. होऊन जाऊ दे काय ता.’

अण्णांनी भिंतीवर बघून एकेक आकडा दाबला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला. मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तेवढ्यात खुर्चीला अडकवलेल्या त्यांच्या कापडी पिशवीत फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. बाईंनी तो बाहेर काढला, कानाला लावला आणि म्हणाल्या, ‘हॅलो. मयेकर बोलतेय.’

तो आवाज स्टेजवरूनही आला आणि अण्णांच्या हातातूनही. अण्णा हातातल्या फोनकडे बघतच राहिले.

‘बसा अण्णा,’ बाई म्हणाल्या. ‘सानिका, तूही बस. बरोबर आहे तुझं सगळं. हा मेसेज मीच लिहिला होता.’

त्यांनी सांगितलं ते असं. मिस्टर पोफळीच्या वीजघरात होते. निवृत्त झाल्यावर त्यांना विसरायला व्हायला लागलं. गणपतीपुळ्याला दर्शनाला गेले असताना गर्दीत बाईंचा हात सुटला आणि ते दिसेनासे झाले. बाईंनी देवळाच्या आवारात बसून हा मेसेज लिहिला आणि माहीत होते तेवढ्या सगळ्यांना पाठवला. संध्याकाळी एका अनोळखी मुलाचा फोन आला. मिस्टर जाकादेवीच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत बसले होते. त्यांना पोफळीला ड्यूटीवर जायचं होतं.

‘म्हंजे मेसेज खरा होता!’ अण्णा म्हणाले.

‘खरा होता. त्याच्यामुळेच सापडले ते. पण त्या संध्याकाळपर्यंतच खरा होता, अण्णा. ते सापडले, असाही मेसेज मी लगेच केला. तो कुणी पुढे पाठवला नाही. हरवलेलं माणूस सगळे पाठवतात, सापडलेलं कुणी पाठवत नाही. पुढे दोन वर्षांनी ते गेले. माझ्या मांडीवर गेले. पण मेसेज अजून त्यांना शोधतोय.’

अण्णा खाली बसले. मग परत उठले, काठी बाजूला ठेवली आणि बाईंना हात जोडून म्हणाले, ‘तास बंद करायचा नाय, हेडसर. मी सांगतो. लिहून घ्या.’ नंतर पुढची पाच मिनिटं ते मोबाईल डोळ्यांजवळ धरून काहीतरी टाइप करत होते. माझ्या फोनवरही ते आलं, कारण त्यांच्या यादीत मीही आहे. ‘पुळ्याला हरवलेले गृहस्थ त्याच दिवशी सापडले होते. आता देवाघरी आहेत. जुना मेसेज कुणी पाठवू नये. सांगणार : अण्णा साळवी, मिरजोळे.’ खाली त्या दिवसाची तारीख, वारासकट. कुणी, कधी, कुठून, सगळं होतं त्यात. मी तो तेव्हाच्या तेव्हा पुढे पाठवला.

सभा संपल्यावर मी बाईंबरोबर स्टॉपपर्यंत चालत गेलो. तिथं पोचल्यावर म्हणालो, ‘बाई, फोन येतात का हो अजून?’

‘येतात की. महिन्याकाठी एखाद-दुसरा असतोच. परवा नाशिकहून आला होता. घाटावर बसलेत म्हणाला.’

‘मग नंबर का नाही बदललात? इतकी वर्षं कशाला हा ताप?’

बाई गाडी येते का बघत राहिल्या. गाडी येत नव्हती.

‘सांगते मी त्यांना,’ त्या म्हणाल्या. ‘ते वारले, मेसेज जुना आहे, काढून टाका. सगळं नीट सांगते. पण आधी विचारते, शर्ट कुठला आहे अंगात? बहुतेक जण म्हणतात, पांढरा, नाहीतर चौकड्यांचा. मग लगेच सांगून टाकते.’

‘आणि आकाशी म्हणाला तर?’

‘परवाचा आकाशी म्हणाला,’ बाई म्हणाल्या. ‘मग मी विचारलं, जेवलेत का ते?’